मुंबईच्या उकाड्यात टिकणारं घरगुती डिओड्रंट

पहिलं डिओड्रंट मी डिसेंबरात केलं, पुण्यात बहिणीच्या स्वयंपाकघरात. इंटरनेटवर सगळीकडे असते तीच कृती होती: खोबरेल, खायचा सोडा, आरारूट आणि वर लॅव्हेंडर तेलाचे वीस थेंब. लोण्यासारखं छान जमलं. मुंबईत परतल्यावर जानेवारीभर वापरलं. मार्चअखेर एक दिवस लोकलमधून उतरले तर पर्सच्या तळाशी तेलाचं थारोळं झालं होतं आणि बरणीत फक्त सोड्याचा गाळ उरला होता. त्याच आठवड्यात दोन्ही काखांत लालभडक पुरळ उठलं.

ही दोन्ही दुखणी त्या कृतीतच होती. खोबरेल साधारण 24 अंशांना वितळतं. थंड देशातल्या घरात वर्षभर घट्ट राहणारी ही कृती आपल्याकडे थंडीचे दोन महिने सोडले तर पातळच असते. सोड्याचं काय ते पुढे सांगते. त्यानंतर चार उन्हाळे बदल करत करत मी जिथे पोहोचले ती कृती इथे देते आहे. तिचा कणा आहे कोकणातलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. आजी भेगाळलेल्या टाचांना लावायची तेच.

आधी घाम आणि वास यांचं नातं

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. अंगभर ज्या घर्मग्रंथी असतात त्यांतून मुख्यतः पाणी आणि मीठ येतं. काखेत आणि जांघेत मात्र दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथीही असतात. त्या वयात आल्यावर जाग्या होतात आणि त्यांच्या स्रावात मेद आणि प्रथिनं असतात. त्वचेवरचे जिवाणू हा स्राव फोडतात आणि त्यातून तो उग्र, आंबूस, कधी कांद्यासारखा वास तयार होतो. म्हणून लहान मुलं कितीही घामेजली तरी त्यांच्या काखेला असा वास येत नाही.

बाजारात दोन वेगळ्या वस्तू मिळतात. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकेच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात, त्यामुळे घामच कमी येतो. डिओड्रंट घाम थांबवत नाही, फक्त वासाचा बंदोबस्त करतं. आपण घरी करतो ते डिओड्रंट. ते लावून काख कोरडी ठणठणीत राहील अशी अपेक्षा ठेवली तर निराशा ठरलेली. आरारूट ओल थोडी टिपतं, पण जूनमधल्या दमट दुपारी काख ओली होणारच. ती ओली असूनही वास येत नाही ना, एवढंच पाहायचं.

बाजारातल्या डिओमुळे कर्करोग होतो असं सांगून घरगुती डिओ विकणारे बरेच दिसतात. तसा ठोस पुरावा नाही. त्या भीतीपोटी कुणी हे करावं असं मला वाटत नाही. मी करते कारण तीव्र सुगंधाच्या स्प्रेने मला शिंका येतात, आणि आपल्या काखेत काय लावलं आहे ते मला कळायला हवं असतं.

साहित्य: शंभर ग्रॅमच्या बरणीसाठी

सगळं वजनाने घ्या. चमचे-वाट्यांनी मोजलं तर दर वेळी वेगळाच पदार्थ हाती येतो. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा एकदा घेतला की आयुष्यभर पुरतो.

मुठेल (कोकम बटर): 25 ग्रॅम
खोबरेल: 28.5 ग्रॅम
मधमाशीचं मेण: 6 ग्रॅम
आरारूट: 30 ग्रॅम
मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड: 6 ग्रॅम
झिंक ऑक्साइड: 4 ग्रॅम
इसेन्शियल ऑइल (वनस्पतींतून काढलेली तीव्र सुगंधी तेलं), सगळी मिळून: 0.5 ग्रॅम

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांतली चरबी. बिया वाळवून फोडायच्या, गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि वर आलेला तवंग काढून मुठीने गोळे वळायचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बाजारात असे पांढुरके, करड्या छटेचे टणक गोळे अजून मिळतात. गोव्यात याच तेलाला भिंडेल म्हणतात. साधारण 40 अंशांच्या आसपास ते वितळतं, म्हणजे खोलीत ठेवल्यावर एप्रिलातही घट्ट आणि अंगावर चोळलं की मऊ. आपल्या हवेसाठी याहून चांगली चरबी मला सापडलेली नाही. शिया बटर वापरून पाहिलं. ते दमट हवेत चिकट लागतं आणि शर्टाला डाग जास्त पडतात. मुठेल कोरडं बसतं.

घरगुती गोळ्यात कधी बियांची कणी असते आणि किंचित खमंग वास येतो. किसून मंद आचेवर वितळवा, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि थिजू द्या. वास अगदीच नको असेल तर शुद्ध केलेलं कोकम बटर ऑनलाइन मिळतं. गोळ्याला खवट वास येत असेल तर मात्र तो टाचांनासुद्धा लावू नका.

मेण मधपाळाकडून घेतलेलं उत्तम. पूजेच्या किंवा शोभेच्या मेणबत्तीचं मेण बहुधा पॅराफिन असतं, ते चालणार नाही. खरं मेण पिवळसर असतं आणि त्याला मधाचा मंद वास येतो. ते वितळायला 62 ते 64 अंश लागतात. हवामानाप्रमाणे फेरफार करायचा तो याच घटकात. नाशिक-नागपूरच्या थंडीत बरणीतलं डिओ दगडासारखं होईल, तेव्हा मेण 3 ग्रॅम करा आणि खोबरेल तेवढंच वाढवा. कांडी करायची असेल तर मेण 11 ग्रॅम आणि खोबरेल 23.5 ग्रॅम.

आरारूट वाण्याकडे मिळतं ते चालतं, पण वस्त्रगाळ करून घ्या. नसेल तर कॉर्नफ्लॉवर.

सोडा का नाही

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (pH) 5 च्या आसपास असतो. खायचा सोडा घामात सहज विरघळतो आणि त्याचा सामू 8 च्या वर जातो. त्यामुळे जिवाणूंना आवरही बसतो, आणि म्हणूनच सोड्याचं डिओ पहिल्या आठवड्यात जादूसारखं वाटतं. पण त्वचेचं वरचं आवरण रोज थोडं थोडं बिघडत जातं. त्यात सोड्याचे कण खरखरीत, काख दिवसभर घासली जाणारी, आणि केस काढले असतील तर सूक्ष्म ओरखडे असतातच. काहींना कधीच त्रास होत नाही. माझ्यासारख्या अनेकांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुरळ येतं आणि कातडी काळवंडते. त्याला कुणी ‘शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडताहेत’ म्हणालं तर ऐकू नका. काखेतून विषद्रव्यं बाहेर पडत नसतात. त्वचा भाजते आहे, ते लावणं थांबवायचं.

सोड्याच्या जागी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घ्यायचं. रसायन म्हणून तेही अल्कधर्मीच, सोड्यापेक्षाही जास्त. पण पाण्यात ते जेमतेम विरघळतं, त्यामुळे त्वचेवर एकदम मारा होत नाही, हळूहळू काम चालतं. कॉस्मेटिक दर्जाची कोरडी पूड मागवा. केमिस्टकडचं पातळ मिल्क ऑफ मॅग्नेशिया या कृतीत घालू नका, त्यातल्या पाण्याने बरणीत बुरशी धरेल. झिंक ऑक्साइड म्हणजे कॅलामाइन लोशनमध्ये असतं तेच. जिवाणूंना आवरतं आणि चिडलेल्या त्वचेला शांतवतं. दोन्ही पुड्या चाळताना तोंडाला मास्क लावा, इतक्या बारीक असतात की श्वासातून आत जातात.

तेलं: किती, कोणती आणि कोणती मुळीच नाहीत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नैसर्गिक आहे म्हणून सढळ हाताने ओतलं जातं. पण एका छोट्या बाटलीत किलोंच्या हिशोबाने पानं-फुलं-मुळं आटवलेली असतात. ते औषधासारखं मोजूनच वापरायचं. सुगंधी उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, इफ्रा, काखेत लावायच्या वस्तूंसाठी वेगळा वर्ग ठेवते आणि त्यातल्या मर्यादा फार कडक असतात. कारण उघड आहे: बंद जागा, सतत ओल, घर्षण आणि रोजचा वापर. म्हणून मी अर्ध्या टक्क्यावर थांबते. शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅम म्हणजे अंदाजे दहा-बारा थेंब. प्रत्येक बाटलीचं तोंड वेगळं आणि प्रत्येक तेलाचा दाटपणा वेगळा, त्यामुळे थेंबांवर विसंबू नका, वजन करा.

माझं मिश्रण असं: वाळ्याचं तेल 0.2 ग्रॅम, रोशाचं 0.2 ग्रॅम, लॅव्हेंडर 0.1 ग्रॅम.

वाळा कुणाला सांगायला नको. माठातल्या पाण्यात टाकलेल्या जुडीचा तो मातकट, गार वास मुळांतच असतो. तेल मधासारखं दाट असतं, थेंब पडायलाच तयार नसतो. बाटली पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करा. वाळ्याचा वास हळू उडतो, त्यामुळे बाकीचे सुगंध विरले तरी संध्याकाळी तो मागे उरतो आणि त्याच्या सोबतीने इतर वासही थोडे टिकतात.

रोशा गवत म्हणजे पामारोसा. खानदेशात नंदुरबारच्या बाजूला एके काळी या गवताच्या तेलाच्या भट्ट्या लागायच्या. वास गुलाबासारखा, त्याला एक हिरवी किनार. यातला मुख्य घटक जेरॅनिऑल जिवाणूंवर चांगला चालतो. गुलाबाचं खरं तेल परवडणाऱ्यातलं नाही, आणि पूर्वी त्यात भेसळीला रोशाच वापरत. मला तर काखेसाठी रोशाच जास्त आवडतो, गुलाबाइतका गोड होत नाही.

गवती चहाचं तेल टाळा, कितीही मोह झाला तरी. त्यात साधारण तीन चतुर्थांश सिट्रल असतं आणि सिट्रलने पुरळ येण्याचा धोका मोठा आहे. लवंग आणि दालचिनीची तेलं काखेच्या जवळपासही नेऊ नका. लिंबू, कागदी लिंबू आणि बर्गमॉट यांच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलांमुळे ऊन लागलं की त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात, आणि बिनबाह्यांचे कपडे घातले की काखेलाही ऊन लागतंच. टी ट्री चांगलं काम करतं, पण ते ताजंच हवं. बाटली उघडून वर्ष झालं असेल तर हवेशी संयोग होऊन त्यात ॲलर्जी करणारी द्रव्यं तयार झालेली असतात. लॅव्हेंडरचंही तसंच. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा, फ्रिजमध्ये ठेवा.

चंदनाच्या तेलाबद्दल खूप जणी विचारतात. खरं चंदन फार महाग असतं आणि स्वस्तात मिळतं ते बहुधा चंदन नसतंच. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, काढण्याची पद्धत आणि बॅच क्रमांक नसेल तर ते इसेन्शियल ऑइल समजू नका. ‘फ्रॅग्रन्स ऑइल’ ही वेगळी वस्तू आहे, त्यातला सुगंध बहुधा कृत्रिम असतो. आणि उदबत्तीच्या, दिव्याच्या सुगंधी तेलांचा इथे काहीही संबंध नाही.

गरोदरपणात, अंगावर पाजताना, आणि दमा किंवा फिट्स यांचा त्रास असेल तर तेलं पूर्ण वगळा आणि डॉक्टरांना विचारा. तेलाविनाही हे डिओ काम करतं. मुलांच्या हाती बाटल्या लागू देऊ नका. कापूर आणि निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडं गेलं तरी जिवावर बेतू शकतं.

कृती

स्टीलचं छोटं पातेलं, मोठं पातेलं, चमचा, बारीक चाळणी आणि काचेची बरणी घ्या. सगळं धुऊन, उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये अगदी कोरडं करा. या डिओत पाणी नाही म्हणूनच त्याला टिकाऊपणासाठी काही घालावं लागत नाही. ओल्या चमच्यावरचा एक थेंबसुद्धा ते बिघडवतो.

आरारूट, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि झिंक ऑक्साइड एकत्र करून दोनदा चाळा. बाजूला ठेवा.

मोठ्या पातेल्यात दोन बोटं पाणी उकळायला ठेवून आच मंद करा. छोट्या पातेल्यात खोबरेल आणि किसलेलं मेण घालून ते त्या पाण्यात बसवा. थेट गॅसवर ठेवू नका. मेण पूर्ण विरघळलं, एकही पापुद्रा दिसत नाही, असं झालं की गॅस बंद करा आणि किसलेलं मुठेल घाला. उरलेल्या उष्णतेतच ते वितळेल.

पातेलं पाण्यातून काढा आणि त्याचा तळ लगेच पुसून घ्या, नाहीतर ओतताना बाहेरचं पाणी बरणीत जातं. आता चाळलेली पूड तीन वेळा करून घाला आणि प्रत्येक वेळी गुठळी मोडत ढवळा. पिठलं करताना हात जसा थांबवत नाही तसा.

या टप्प्यावर चाचणी घ्या. पाकाची तार पाहतो तसंच आहे हे. चमचाभर मिश्रण ताटलीत घेऊन दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग बाहेर काढून खोलीच्या उष्णतेला येऊ द्या आणि बोटाने उचलून पाहा. जड उचलत असेल तर थोडं खोबरेल, फार मऊ असेल तर अर्धा-एक ग्रॅम मेण घालून पुन्हा कोमट करा. इथे घालवलेल्या पंधरा मिनिटांनी बरणीभर साहित्य वाचतं.

मग सगळ्यात चिवट भाग. मिश्रण पातळ असतानाच बरणीत ओतलं तर पूड तळाशी बसते, वर नुसतं तेल राहतं. म्हणून पातेलं थंड पाण्याच्या परातीत धरून ढवळत राहा. आधी ते बासुंदीसारखं होईल. पातेल्याच्या बाहेरून हात सहज टेकवता आला, म्हणजे साधारण 45 अंशांच्या खाली आलं, की इसेन्शियल ऑइल घाला. गरम असताना घातलं तर सुगंध तिथेच उडून जातो. पुढे ढवळत श्रीखंडाइतकं दाट होऊ द्या आणि मग बरणीत भरा. झाकण गार झाल्यावरच लावा, नाहीतर आत वाफ धरते. बरणीवर तारीख आणि घातलेली तेलं लिहा. कुणाला पुरळ आलं तर नेमकं कशाने आलं ते त्यावरूनच शोधता येतं.

वापरण्याआधी आणि वापरताना

कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून 48 तास थांबा. ही पायरी गाळू नका. मग पहिले तीन दिवस एकाच काखेत लावा.

आंघोळीनंतर काख टॉवेलने टिपून पूर्ण कोरडी झाली की हरभऱ्याच्या डाळीएवढं बोटावर घ्या, दोन बोटांत मऊ करून चोळा. एवढंच पुरतं. जास्त लावलं की वास कमी होत नाही, कपडे मात्र तेलकट होतात. दोन-तीन मिनिटांनी कपडे घाला. केस काढले त्या दिवशी लावू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी लावा. रात्री झोपण्याआधी काख साबणाने धुणं गरजेचं आहे, आदल्या दिवसाच्या थरावर नवा थर देऊ नये.

अँटिपर्स्पिरंट नुकतं सोडलं असेल तर पहिले दोन आठवडे घाम जास्त वाटतो. बुचं निघाली आणि नेहमीचा घाम परत आला, एवढंच त्याचं कारण. त्या काळात दुपारी एकदा काख ओल्या रुमालाने पुसून पुन्हा थोडं लावा.

तरीही वास येतो अशी तक्रार असेल तर आधी कपडे हुंगून पाहा. पॉलिस्टरमध्ये घामाचा वास सुतीपेक्षा कितीतरी जास्त अडकतो, आणि धुतलेला कुर्ता अंग गरम झालं की पुन्हा वास मारू लागतो. काखेचा भाग धुण्याआधी साबण चोळून अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. डिओचे तेलकट डागही त्यानेच जातात.

लाली, खाज किंवा आग दिसली तर वापर बंद. बरं झाल्यावर तेलाविना छोटी बरणी करून पाहा. त्यानेही त्रास झाला तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड काढून तेवढं आरारूट वाढवा. काखेत गाठी येत असतील, कडा उठलेले खाजरे चट्टे असतील किंवा अंगाचा वास अचानक बदलला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यावर डिओ हा उपाय नाही.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी

तुरटी. आंघोळीनंतर ओल्या काखेवर गुळगुळीत खडा दोनदा फिरवायचा आणि वाळू द्यायचं. कित्येक पुरुष दाढीनंतर गालावर फिरवतात तोच खडा. स्वस्त, बिनवासाची आणि परिणामकारक. फक्त एक लक्षात असू द्या: तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, त्यामुळे ‘ॲल्युमिनियममुक्त’ म्हणून स्फटिकाचं डिओ विकत घेत असाल तर ते खरं नव्हे. तुरटी पाण्यात विरघळवून फवारा करणार असाल तर त्यात इसेन्शियल ऑइल टाकू नका. तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं आणि फवाऱ्यातून निव्वळ तेल त्वचेवर येतं.

बरणी सावलीत ठेवली तर तीन-चार महिने चांगली राहते. प्रवासाला नेताना उभी ठेवा, आणि मे महिन्यात बंद गाडीत विसरू नका, तिथे मुठेलही वितळतं. वितळलंच तर फेकू नका. कोमट असतानाच कोरड्या चमच्याने ढवळत गार करा, पुन्हा बसतं. मैत्रिणींना भेट द्यायला हरकत नाही, पण बरणीवर साहित्य लिहून द्या. विकायचा विचार असेल तर सौंदर्यप्रसाधनं बनवण्याचा परवाना लागतो, घरच्या स्वयंपाकघरातून विक्री सुरू करू नका.

मी आता पावसाळ्याआधी दोन बरण्या करते. मुठेल मे महिन्यात गावाहून येतं, तेव्हा एक गोळा डिओसाठी आणि एक टाचांसाठी वेगळा काढून ठेवते.